एकाची संमती, हजारांची माहिती

एप्रिल २०१८ मध्ये फेसबुक कंपनीने भारताविषयी दोन आकडे जाहीर केले. केंब्रिज विद्यापीठातील अध्यापक अलेक्झांडर कोगन यांनी सिद्ध केलेले ‘दिस इज युवर डिजिटल लाइफ’ नावाचे, प्रश्नावलीच्या स्वरूपाचे एक ॲप भारतात ३३५ जणांनी आपल्या खात्याला जोडले होते, हा पहिला आकडा; आणि या ३३५ जणांच्या मैत्रीच्या संबंधांमुळे ज्यांची माहिती त्या ॲपच्या हाती गेली असण्याचा संभव होता, अशा भारतीयांची संख्या त्यांना धरून ५,६२,४५५ होती, हा दुसरा. २०११ च्या जनगणनेप्रमाणे आमच्या बीड जिल्ह्याची लोकसंख्या २५,८५,०४९ इतकी आहे. तेव्हा अंगावरच्या मुलापासून अंथरुणाला खिळलेल्या वृद्धापर्यंत सर्वांना जमेस धरले, तरी या जिल्ह्यातील दर पाच माणसांमागे एक माणूस मोजून जी संख्या भरेल तिच्याहूनही अधिक लोकांच्या खाजगी आयुष्याचा तपशील अवघ्या ३३५ जणांच्या होकारावर परक्याच्या दप्तरी जमा होऊ शकला. ज्यांनी होकार दिला त्यांना आपण कशास होकार देत आहोत हे पुरते ठाऊक नव्हते, आणि ज्यांची माहिती गेली त्यांना तर कोणी काही विचारलेच नव्हते. समाजमाध्यमे त्रयस्थ विकासकांना खुली करावीत की नाही, या वरकरणी निव्वळ तांत्रिक भासणाऱ्या प्रश्नाचे सारे मर्म या दोन आकड्यांच्या तफावतीत साठवलेले आहे, आणि म्हणूनच हा प्रश्न संगणकशास्त्राच्या तज्ज्ञांवर सोपवून नागरिकांनी स्वस्थ बसावे असा नाही.

खुले करणे म्हणजे नेमके काय, हे आधी स्पष्ट केले पाहिजे. कोणत्याही समाजमाध्यमाजवळ दोन प्रकारचे धन असते. एक, त्या कंपनीने स्वतः घडवलेली यंत्रणा. आणि दुसरे, कोट्यवधी माणसांनी तेथे स्वहस्ते आणून ठेवलेली आपली नावे, छायाचित्रे, जन्मतारखा, आवडीनिवडी, आणि कोणाचा कोणाशी स्नेह आहे याचा अखंड वाढत जाणारा आलेख. २४ मे २००७ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे भरवलेल्या परिषदेत फेसबुकने असे घोषित केले की, यापुढे कंपनीबाहेरचा कोणताही विकासक आमच्या यंत्रणेच्या आधाराने आपले ॲप उभारू शकेल आणि सभासदाच्या परवानगीने त्याची माहिती वाचू शकेल. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला गूगलने इतर अनेक संकेतस्थळांना सोबत घेऊन ‘ओपनसोशल’ नावाची सामाईक पद्धती जाहीर केली, आणि त्या काळी आपल्याकडच्या तरुण पिढीचे हक्काचे स्थान असलेले गूगलचेच ऑर्कुट या मार्गाने त्रयस्थांसाठी खुले झाले. ऑर्कुटशी मराठवाड्याचा संबंध केवळ नेट कॅफेपुरता नव्हता. त्यावरील भारतद्वेष्ट्या मजकुराबद्दल मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने १० ऑक्टोबर २००६ रोजी गूगलला नोटीस बजावली होती. परदेशस्थ कंपनीच्या यंत्रणेवर इतर कोणी जे करील त्याचे उत्तरदायित्व कोणाचे, हा प्रश्न बीड ज्याच्या अधिकारक्षेत्रात येते त्याच न्यायपीठापुढे फेसबुकने बाहेरच्यांना मुभा देण्यापूर्वीच उपस्थित झाला होता. ३० सप्टेंबर २०१४ रोजी ऑर्कुट बंद झाले. प्रश्न मात्र मिटला नाही.

खुलेपणाच्या बाजूने जे म्हणता येते ते प्रामाणिकपणे आणि पूर्णपणे मांडल्यावाचून त्याच्या दोषांविषयी बोलण्याचा अधिकार कोणासही पोहोचत नाही, असे मला वाटते. कॅलिफोर्नियात बसलेल्या अभियंत्याला ऊसतोडीस निघालेल्या कुटुंबाच्या गरजा कधीही समजणार नाहीत; मुकादमाकडून घेतलेली उचल किती, फिटली किती, हंगामाअखेर अंगावर राहिली किती, याचा हिशेब मराठीत, मोठ्या अक्षरांत, किंबहुना नुसत्या आवाजाने ठेवता येईल अशी सोय त्याच्या स्वप्नातही येणार नाही. ती सोय अंबाजोगाईच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून बाहेर पडलेला, ज्याच्या आईवडिलांनी स्वतः कोयता हाती धरला आहे असा एखादा मुलगा किंवा मुलगीच करू शकेल. परंतु त्यासाठी कोट्यवधी लोक जेथे आधीच जमलेले आहेत त्या ठिकाणी पाय ठेवण्यास त्याला जागा मिळाली पाहिजे. सर्व यंत्रणा एकाच मालकाच्या मुठीत बंदिस्त राहिली, तर लहान भाषा, लहान गावे आणि लहान गरजा यांची दखल घेण्याचे त्या मालकाला काहीही कारण उरत नाही. गेवराई, पाटोदा, शिरूर कासार येथील तरुणाच्या बुद्धीला जगाच्या बाजारपेठेचा रस्ता मिळावा, ही आकांक्षा न्याय्य आहे, आणि खुलेपणाचा द्वेष करणारा माणूस नकळत या तरुणाच्या वाटेत उभा राहतो.

शिवाय, खुलेपणा आणि सुरक्षितता यांचे हाडवैर आहे, हा समज आपल्याच देशाच्या अनुभवाने खोटा ठरवला आहे. ११ एप्रिल २०१६ रोजी भारतीय राष्ट्रीय देयक महामंडळाने, म्हणजे एनपीसीआयने, यूपीआयची यंत्रणा सुरू केली. आज परळीच्या भाजीबाजारात किंवा माजलगावच्या आडतीवर जो व्यवहार मोबाईलने होतो, त्यात फोनपे किंवा गूगल पे यांसारखे ॲप हे बँकेच्या दृष्टीने त्रयस्थच असते. परंतु या त्रयस्थाला काय पाहता येईल आणि काय पाहता येणार नाही, याची सीमा आधीच आखलेली आहे: ग्राहक जो गुप्त पिन टाकतो तो एनपीसीआयने पुरवलेल्या सामाईक पृष्ठावर टाकला जातो आणि ॲपच्या मालकाला तो वाचता येत नाही, ॲपला एखाद्या बँकेच्या पुरस्काराखाली काम करावे लागते, आणि पैसे अडकले, तर ॲप, बँक आणि एनपीसीआय या तीन पायऱ्यांवर दाद मागण्याची तजवीज आहे. या व्यवस्थेतही फसवणुकीचे प्रकार घडतात, हे खरे; परंतु एका माणसाने ॲप घेतले म्हणून त्याच्या शेजाऱ्याच्या बँक खात्याचा उतारा त्या ॲपच्या हाती पडत नाही. तेव्हा खुलेपणा दिला म्हणजे माहिती सांडणारच, असे जे मोठ्या कंपन्या पुढे कधी सबब म्हणून आणि कधी खंत म्हणून सांगू लागल्या, ते स्वीकारण्याचे काही कारण नाही. नियमांची आखणी आधी झाली असेल, तर दार उघडे ठेवूनही घर सुरक्षित राहते.

फेसबुकने नेमके याच्या उलट केले. २०१० पासून जी पद्धती अमलात होती, तिच्यात सभासद एखादे ॲप जोडताना केवळ स्वतःचीच माहिती देत नसे. मित्रांनी आपल्या खात्यावर ठेवलेली नावे, गावे, जन्मदिवस, पसंतीची पृष्ठे अशी अनेक प्रकारची माहितीही तो त्या ॲपच्या हवाली करू शकत असे. ही मुभा बंद करण्याचे कंपनीने ३० एप्रिल २०१४ रोजी जाहीर केले आणि जुन्या ॲपना आणखी एक वर्षाची सवलत दिली. या मधल्या काळात कोगन यांच्या ॲपने आपले काम साधून घेतले. जगभरात सुमारे पावणेतीन लाख लोकांनी ते जोडले आणि ८ कोटी ७० लाखांपर्यंत लोकांची माहिती त्या वाटेने बाहेर गेली असावी, असे कंपनीनेच पुढे सांगितले. ती माहिती केंब्रिज ॲनालिटिका या राजकीय प्रचाराचा व्यवसाय करणाऱ्या कंपनीच्या हाती पडली. डिसेंबर २०१५ मध्ये इंग्लंडच्या ‘द गार्डियन’ने हे प्रकरण प्रथम उजेडात आणले, तेव्हा फेसबुकने संबंधितांकडून माहिती नष्ट केल्याचे लेखी आश्वासन घेतले आणि एवढ्यावर समाधान मानले, ज्या कोट्यवधी लोकांची ती माहिती होती त्यांना २०१८ पर्यंत कोणी अवाक्षर कळवले नाही. जुलै २०१९ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने कंपनीला ५०० कोटी डॉलरचा दंड केला. आपल्याकडे जानेवारी २०२१ मध्ये सीबीआयने केंब्रिज ॲनालिटिका आणि कोगन यांच्या ‘ग्लोबल सायन्स रिसर्च’ या कंपनीवर गुन्हा नोंदवला.

या साऱ्या प्रकरणात फेसबुकच्या बचावाचा गाभा असा होता की, आमच्या अटी स्पष्ट होत्या, त्या विकासकाने मोडल्या, आणि म्हणून मूळ अपराध त्याचा. हा युक्तिवाद ऐकताना बीड जिल्ह्यातील कोणाही जाणत्या माणसाला साखर कारखान्याच्या फाटकावर पिढ्यान्‌पिढ्या ऐकलेली भाषा आठवल्यावाचून राहणार नाही. दर वर्षी दिवाळीच्या सुमारास लाखो ऊसतोड मजूर बिऱ्हाड गाडीत घालून पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकाकडे निघतात. त्यांनी तोडलेल्या उसावर कारखान्याचे गाळप चालते. परंतु कारखान्याचा करार असतो तो वाहतूकदाराशी आणि मुकादमाशी. मजूर फडात विंचू चावून आजारी पडला, कोपीतले मूल दगावले, मजुरीचा हिशेब बुडाला किंवा उचलीपायी माणसाला डांबून ठेवले गेले, तरी कारखाना म्हणतो की आमचा या माणसाशी करारच नाही, मुकादमाला विचारा. आणि मुकादम म्हणतो की वरून पैसा आला नाही. ज्याच्या घामावर सगळी उलाढाल चालते त्याचे नाव कोणत्याही दस्तऐवजावर नसते, आणि नाव नसल्यामुळे त्याचा हक्कही कोठे नसतो. मित्राच्या होकारावर ज्याची माहिती गेली तो सभासद याच अवस्थेत होता. करार कंपनी आणि विकासक यांच्यामध्ये झाला होता, होकार त्याच्या मित्राने दिला होता, लाभ तिसऱ्यालाच झाला होता, आणि ज्याचे नुकसान झाले तो कोणत्याही कागदावर पक्षकार नव्हता. मध्यस्थ नेमला म्हणून मूळ मालकाचे उत्तरदायित्व संपत नाही, हे तत्त्व ऊसतोड कामगारांच्या चळवळीने या जिल्ह्याला दीर्घ आणि कष्टप्रद लढ्यातून शिकवले आहे; समाजमाध्यमांच्या बाबतीत तेच तत्त्व मान्य करून घेणे हे पुढचे कार्य आहे.

आपल्या मित्रांची नावे आणि वाढदिवस कळून कोणाचे असे काय बिघडते, असे विचारणारे लोक भेटतात. मोठ्या शहरातील अनोळखी गर्दीत हा प्रश्न कदाचित खपून जाईल. बीडमध्ये खपणार नाही. येथे आडनावावरून जात, गावावरून भावकी आणि मित्रयादीवरून राजकीय गट ओळखता येतो. हजारभर खात्यांची नावे, गावे आणि परस्परसंबंध ज्याच्या हाती आले, त्याने कोणत्या गावात कोणत्या समाजाचे किती तरुण कोणत्या पुढाऱ्याच्या मागे आहेत याचा नकाशा घरबसल्या मांडला असे समजावे. आणि निवडणुकीच्या किंवा तणावाच्या प्रसंगी कोणाला कोणता भडक मजकूर पाठवला म्हणजे ठिणगी पडेल, याचा अंदाज त्या नकाशावरून बांधणे अवघड नाही. ही भीती काल्पनिक नव्हे. आडनावामुळे माणसाकडे पाहण्याची दृष्टी बदलते, हे ओळखूनच २०२५ साली बीड जिल्हा पोलीस दलाने आपल्या अधिकाऱ्यांच्या आणि कर्मचाऱ्यांच्या नावफलकांवरून आडनावे काढून टाकली. ज्या जिल्ह्यात पोलिसाच्या मेजावरील पाटीवर आडनाव असावे की नसावे याचा विचार करावा लागतो, त्या जिल्ह्यातील लाखो लोकांची आडनावे त्यांच्या मित्रपरिवारासह कोणा अज्ञात विकासकाच्या स्वाधीन करणे, ही किरकोळ बाब कशी मानता येईल?

याहून नाजूक माहितीही असते. २०१९ मध्ये शासनाने केलेल्या पाहणीत बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली असल्याचे आढळले, आणि सारा महाराष्ट्र हादरला. ती माहिती लोकहितासाठी गोळा केली गेली, आणि तिच्यामागे जाब विचारता येईल अशी विधिमंडळाची सत्ता उभी होती. परंतु आज मासिक पाळी, गर्भारपण, औषधोपचार यांची नोंद ठेवणारी असंख्य खाजगी ॲप मोबाईलवर आहेत, आणि समाजमाध्यमाच्या खात्यानेच त्यांत प्रवेश करण्याची सोय असल्यामुळे दोन्हीकडील माहितीची सांगड घालणे सोपे झाले आहे. अंगावर उचल असलेल्या बाईच्या शरीराची स्थिती तिला कामावर घेणाऱ्याला, विमा विकणाऱ्याला किंवा कर्ज देणाऱ्याला आधीच कळली, तर तिच्या जगण्यावर काय परिणाम होईल, याची कल्पना प्रत्येकाने करावी. कर्जाच्या ॲपचा अनुभव तर ताजाच आहे. चार-पाच हजारांचे कर्ज देताना मोबाईलमधील संपर्कयादी मागून घ्यायची, आणि हप्ता थकला की त्या यादीतील सासऱ्याला, शिक्षकाला, सोयऱ्याधायऱ्यांना फोन करून कर्जदाराची अब्रू वेशीवर टांगायची, हा धंदा देशभर इतका बोकाळला की रिझर्व्ह बँकेच्या कार्यगटाला २०२१ मध्ये भारतीय ग्राहकांना उपलब्ध असलेल्या सुमारे १,१०० कर्ज-ॲपपैकी ६०० बेकायदा आढळली, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये बँकेने कर्ज-ॲपनी संपर्कयादी, छायाचित्रे आणि कॉलची नोंद यांना हात लावू नये असे फर्मावले. येथेही अपराधाचे स्वरूप तेच: कर्ज एकाने काढले, संमती त्याने दिली, आणि छळ मात्र यादीतल्या सर्वांचा झाला.

खुलेपणाचा आणखी एक प्रकार आपल्या राज्याने अनुभवला आहे, आणि तो विसरता कामा नये. फेब्रुवारी २०१५ मध्ये फेसबुकने रिलायन्स कम्युनिकेशन्सच्या साहाय्याने ‘इंटरनेट डॉट ऑर्ग’ ही सेवा भारतात ज्या सहा राज्यांत आणली त्यांत महाराष्ट्र होते, आणि सेवेच्या भाषांत मराठी होती. काही निवडक संकेतस्थळे फुकट आणि बाकीचे सर्व महाजाल पैसे मोजून, अशी ती योजना होती. टीका वाढल्यावर त्याच वर्षी ४ मे रोजी कंपनीने ती त्रयस्थ विकासकांना खुली केल्याचे जाहीर केले. पण कोणाला आत घ्यायचे याच्या अटी कंपनीने ठरवलेल्या, आणि ये-जा करणारी सारी वाहतूक कंपनीच्याच यंत्रणेतून जाणारी. पुढे ‘फ्री बेसिक्स’ असे नाव धारण करून ती सेवा वादात सापडली, तेव्हा डिसेंबर २०१५ मध्ये मार्क झुकरबर्ग यांनी भारतीय वृत्तपत्रात लेख लिहून महाराष्ट्रातील गणेश नावाच्या एका शेतकऱ्याचा दाखला दिला. या सेवेमुळे त्याला हवामान आणि बाजारभाव कळू लागले, असे त्यांचे प्रतिपादन होते. शेतकऱ्याला हवामान कळावे याला कोणाचा विरोध असणार? परंतु कोणते हवामान-ॲप त्याला दिसावे आणि कोणते दिसू नये, हे ठरवण्याचा इजारा एका कंपनीला द्यावा काय, हा खरा सवाल होता. दूरसंचार नियामक प्राधिकरणाकडे सुमारे २४ लाख अभिप्राय आले, त्यांतील बहुसंख्य फेसबुकने सभासदांकडून पाठवून घेतलेल्या एकाच नमुन्याचे होते. तरीही प्राधिकरणाने ८ फेब्रुवारी २०१६ रोजी मजकुरानुसार वेगवेगळे दर लावण्यास मनाई केली, आणि तीन दिवसांत ती सेवा भारतातून मागे घेतली गेली. नावाचा खुलेपणा आणि खरा खुलेपणा यांतील भेद नियामकाने ओळखला, याचे श्रेय त्या काळी जागृत राहिलेल्या सामान्य नागरिकांना दिले पाहिजे.

ज्याला उघडण्याचा अनिर्बंध अधिकार असतो त्याला मिटण्याचाही असतो, आणि मिटण्याने होणारे नुकसान उघडण्याच्या नुकसानाइतकेच खरे असते. फेब्रुवारी २०२३ मध्ये ट्विटरने विकासकांना विनामूल्य मिळणारा प्रवेश बंद करण्याची घोषणा केली. त्याच वर्षी जुलैपासून रेडिटने भारी शुल्क लावले आणि वर्षानुवर्षे खपून लोकांनी उभी केलेली ॲप रातोरात बंद पडली. समाजमाध्यमावर कोणता मजकूर कसा पसरतो याचा मागोवा पत्रकारांना आणि संशोधकांना ज्याच्या साहाय्याने घेता येत असे ते ‘क्राउडटँगल’ हे साधन मेटा (पूर्वीची फेसबुक) कंपनीने १४ ऑगस्ट २०२४ रोजी बंद केले. म्हणजे सभासदसंख्या वाढवायची असते तेव्हा विकासकांना पाचारण करायचे, आणि साम्राज्य स्थिरावले की गोपनीयतेचे किंवा खर्चाचे कारण पुढे करून त्यांनाच बाहेर काढायचे, असा हा क्रम आहे. आमच्या अंबाजोगाईच्या मुलाने कर्ज काढून एखादे उपयुक्त ॲप उभारले आणि एका सकाळी परदेशातील एका निर्णयाने ते निष्प्राण झाले, तर त्याने कोणत्या कचेरीत अर्ज करावा? युरोपीय संघाने आपल्या डिजिटल बाजार कायद्यान्वये बड्या संदेशसेवांना इतर सेवांशी जोडून घेण्याचे बंधन घातले आहे. खुलेपणा हा कंपनीच्या लहरीचा विषय न राहता कायद्याचा विषय होऊ शकतो, याचे हे प्रत्यक्ष उदाहरण होय.

आपल्याकडे कायद्याचा पाया घातला गेला आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात गोपनीयता हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्णय दिला, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमाला राष्ट्रपतींची संमती मिळाली. संमती ही मुक्त, विशिष्ट, समजून-उमजून दिलेली, बिनशर्त आणि निःसंदिग्ध असावी, ती ठरलेल्या प्रयोजनाला आवश्यक तेवढ्याच माहितीपुरती असावी, आणि जितक्या सहज दिली तितक्याच सहज परत घेता यावी, असे हा कायदा सांगतो. नोटीस आणि संमतीची विनंती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत, म्हणजे मराठीतही, वाचण्याचा पर्याय नागरिकाला देतो. आणि २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद करतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम अधिसूचित झाले, पण कंपन्यांवरील मुख्य बंधने लागू होण्यास त्या दिवसापासून १८ महिन्यांची मुदत ठेवली आहे. या कायद्यात एक उणीव मला गंभीर वाटते. कंपनी ज्याला आपल्या वतीने काम करण्यास नेमते, त्याच्या कृत्याबद्दल कंपनीला जबाबदार धरलेले आहे. परंतु समाजमाध्यमावर येणारा त्रयस्थ विकासक कंपनीच्या वतीने काम करत नाही, तो स्वतःच्या प्रयोजनासाठी माहिती घेतो, आणि म्हणून माहिती एकदा त्याच्या हाती गेली की ‘आता तो पाहून घेईल’ असे म्हणण्यास कंपनीला पळवाट राहते. फडातल्या मजुराची कहाणी कायद्याच्या भाषेत पुन्हा लिहिली जाण्याचा धोका येथेच आहे.

म्हणून या मुदतीच्या काळात लोकप्रतिनिधींनी, आणि विशेषेकरून या जिल्ह्याच्या प्रतिनिधींनी, चार गोष्टींचा आग्रह धरावा. ज्याची माहिती त्याचीच संमती, हा नियम निरपवाद असावा. मित्राच्या, नातलगाच्या किंवा संपर्कयादी बाळगणाऱ्याच्या होकाराने दुसऱ्या कोणाचीही माहिती हस्तांतरित होऊ नये. ज्या माध्यमाने विकासकाला प्रवेश दिला, त्याने विकासकाच्या गैरवर्तनाची जबाबदारी त्याच्याइतकीच उचलावी, आणि माहिती बाहेर गेल्याचे कळताच संबंधित प्रत्येक नागरिकाला त्याच्या भाषेत विनाविलंब कळवावे. प्रवेश देण्याच्या आणि काढून घेण्याच्या अटी जाहीर, सर्वांना समान आणि पुरेशा मुदतीच्या असाव्यात, त्यांविरुद्ध अपील करण्यास देशातच स्वतंत्र अधिकारी असावा, म्हणजे लहान विकासकाला मोठ्या कंपनीच्या मर्जीवर जगावे लागणार नाही. आणि मराठीतील संमतीपत्र हे इंग्रजी मसुद्याचे अगम्य भाषांतर नसावे. ते केजच्या किंवा धारूरच्या माणसाला एकदा वाचून, आणि ज्याला वाचता येत नाही त्याला एकदा ऐकून, कळावे.

राज्य शासनावर तर याहून मोठे कर्तव्य येऊन पडले आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने मेटा कंपनीशी करार करून ‘आपले सरकार’च्या सेवा व्हॉट्सॲपद्वारे देण्याचे ठरवले. बिऱ्हाड घेऊन बाहेर पडलेल्या ऊसतोड कुटुंबाला तहसील कचेरीत हेलपाटे न घालता मुलाच्या शाळेचा किंवा रहिवासाचा दाखला मिळावा, ही गोष्ट स्वागतार्हच आहे. मोबाईल हातात आहे आणि गाव शेकडो कोसांवर आहे अशा माणसाला तिचे मोल विशेष. परंतु येथे शासन स्वतःच एका खाजगी माध्यमावरचे त्रयस्थ झाले आहे. नागरिकाने कोणता दाखला कधी मागितला, कोणती तक्रार कोणाविरुद्ध केली, याची कोणती नोंद कंपनीकडे राहते, किती काळ राहते आणि तिचा अन्य उपयोग करता येतो की नाही, हे शासनाने त्या कराराच्या अटींसह साध्या मराठीत प्रसिद्ध करावे. जो नियम आपण कंपन्यांना सांगतो तो आधी सरकारने पाळून दाखवला, तर त्याला नैतिक वजन येईल. व्हॉट्सॲप न वापरणाऱ्या नागरिकालाही तीच सेवा तितक्याच सुलभतेने मिळत राहील, अशी हमीही शासनाने दिली पाहिजे. कारण ज्या संमतीवाचून दाखलाच मिळत नाही, ती संमती मुक्त म्हणता येत नाही.

कायदा येईल तेव्हा येईल; तोवर वाचकांच्या हाती जे आहे ते त्यांनी करावे. आपल्या फेसबुक खात्याच्या सेटिंगमध्ये ‘ॲप्स अँड वेबसाइट्स’ या सदराखाली आजवर आपण कोणाकोणाला प्रवेश दिला आहे याची यादी असते. ती उघडून ज्यांचे प्रयोजन आठवत नाही ती सर्व काढून टाकावीत. कोणतेही ॲप संपर्कयादी मागू लागले, तर ती यादी केवळ आपली नव्हे, तीत ज्यांचे क्रमांक आहेत त्या सर्वांची आहे, हे ध्यानात ठेवून, अगदी अपरिहार्य असल्यावाचून ती देऊ नये. आणि घरातील वडीलधाऱ्यांना व मुलांनाही हे समजावून सांगावे. तंत्रज्ञानाची दारे उघडी राहिलीच पाहिजेत, कारण ती मिटली तर सर्वांत आधी बाहेर राहील तो आमचाच तरुण. परंतु ज्याच्या माहितीवर ही सारी उलाढाल उभी आहे त्या माणसाला त्या करारात पक्षकाराचे स्थान मिळत नाही, तोवर तिला खुलेपणा म्हणण्याचा कोणत्याही कंपनीला अधिकार नाही.